अर्धा सूत

"अजून अर्धा सूत," रज्जाक परकार म्हणाला,
आणि इमूने साखळीची एक कडी सोडली, फक्त एक.
गर्डरला टांगलेलं इंजिन किंचित खाली आलं
आणि थांबलं.
कुर्ला, पाइप रोड, दुपारचे अडीच.
समोरच्या लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली होती.

गिअरबॉक्सचा दांडा आणि क्लचप्लेटचे दात
एकमेकांना ओळख देईनात.
रज्जाक शिवी न देता काम करतो,
म्हणून त्याचं गप्प बसणं मोठ्याने ऐकू येतं.
त्याने दांडा बोटाने एवढासा फिरवला,
खांदा लावला,
खट्.
हा आवाज वहीत कुठल्या रकान्यात लिहायचा
मला अजून कळलेलं नाही.

वही माझी. फार्गो बाबलमामाची, कागदावर आता मी.
सहा लायनर, पिस्टन, क्रँक घासणावळ.
लोक म्हणाले, भंगारात दे, किलोला बरा भाव आहे.
मी म्हटलं, बघते.
बघता बघता दोन बांगड्या गेल्या.

टाकीत खडी आणि सायकलची चेन टाकून
इमूने ती दोन दिवस घुसळली.
निघालं ते असं: गंज, काळी साय,
पाच पैशाचं नाणं,
आणि मामाच्या काठीचं मोडकं टोक, चार बोटं.

या गाडीचा डिझेलचा काटा कधी हललाच नाही.
मामा टाकीत बांबूची काठी बुडवायचा.
काठीवर लिटर नव्हते, गावं होती.
खालची खाच खोपोली, मग खंबाटकी, कराड,
अगदी वर संकेश्वर.
तिथून मिरची भरून मशीद बंदरात उतरायचा
तेव्हा डोळे असे लाल
की हमाल म्हणत, आज घेतलीय वाटतं.

पंप आणि नॉझल मंदाकिनी शिंगरेंच्या टेस्ट बेंचवर.
चष्म्याला दोरी, टेबलावर पोह्यांचा डबा.
"बघू नका, ऐका," म्हणाल्या.
"थेंब गळला की रडणं. धुकं सुटलं की बोलणं."
सहातले चार बोलले.

मग हवा काढायची.
स्क्रू सैल करून इमू हातपंप मारत राहिला.
आधी फेस, मग डिझेल, मग पुन्हा फेस.
"एवढी हवा येते कुठून?"
रज्जाक म्हणाला, "एकोणतीस वर्षं उभी गाडी. दुसरं काय भरणार?"
शेवटी धार लागली, न तुटणारी.
त्याने स्क्रू आवळला, चिंधीला हात पुसले.
"बसा."

मला फक्त स्कूटर येते. तरी बसले.
सेल्फ मारला. काही नाही.
पुन्हा. एक खोकला, पांढरा लोट.
तिसऱ्यांदा दोन सिलिंडर, चार,
मग साही,
आणि लॉन्ड्रीतले हँगर वाजू लागले.
स्टेअरिंग, माझी कोपरं, मागचा लाकडी हौदा
थरथरला सगळा,
आणि फळ्यांच्या फटींतून
दबून बसलेली तांबडी धूळ उठली.

आधी इमू शिंकला. मग रज्जाक.
मग लॉन्ड्रीवाला, हातातल्या कुणाच्या तरी शर्टावर.
शिंगरेबाई, "सहज" आलेल्या, चष्मा धरून चारदा.
माझ्या डोळ्यांना धार.
मिरचीच ती. कुणी विचारलं नाही.

काटा नवा बसवलाय, चालतो.
तरी संध्याकाळी काठी बुडवली.
काठी म्हणाली, खंबाटकी.
टोक माझ्या पर्समध्ये होतं, ते जोडून पाहिलं:
जेमतेम खोपोली.
म्हणजे मोडल्यापासून ही मामाला
एक घाट जास्तच सांगत होती,
आणि तो तिच्यावर विश्वासून निघत होता.

रज्जाकने गिअर टाकला.
आम्हाला बैलबाजारच्या नाक्यापर्यंतच जायचं होतं.